पेन्शन आणि मासाशन: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातल्या लोकांचे अर्ज भरून देताना आणि आलेले कागद वाचून दाखवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. नोकरीतून मिळणाऱ्या पैशाला या पानावर पेन्शन म्हटलं आहे. नाडकचेरीतून, म्हणजे काही गावांसाठी मिळून असलेल्या महसूल कार्यालयातून, मंजूर होणारा म्हातारपणाचा, विधवांचा, दिव्यांगांचा जो पगार असतो, त्याला मासाशन म्हटलं आहे. दोन्ही एकाच बँक खात्यात येत असले तरी त्यांचं दार वेगळं, नियम वेगळे आणि बंद पडण्याची कारणंही वेगळी. हे ठाऊक नसल्यामुळे हक्काची पेन्शन पडून राहते आणि माणसं हजार-बाराशेवर दिवस काढतात. हे पान लिहायला घेतलं ते त्याच्यासाठी.

नेमका फरक काय?

पेन्शन तुम्ही केलेल्या कामाबद्दल मिळते. मासाशन तुमची गरज बघून मिळतं.

पीएफ कार्यालयात तुम्ही गेलात तर तिथला माणूस विचारतो, नोकरी किती वर्षं केली, वर्गणी किती महिने भरली, पगार किती होता. तुमच्या घरात किती गुंठे जमीन आहे, मुलगा काय करतो, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नाडकचेरीत नेमकं उलटं. तुम्ही आयुष्यभर काय काम केलं याच्याआधी तिथे उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि वयाचा पुरावा बघतात.

डी. एस. नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितलं की, सरकारी नोकराची पेन्शन म्हणजे मालकाच्या मर्जीने दिलेलं बक्षीस नव्हे. त्याने आधी केलेल्या सेवेचाच तो मोबदला आहे. म्हणून तर देशभरचे निवृत्त कर्मचारी १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात. मासाशनाचा आधार वेगळा आहे. राज्यघटनेच्या ४१व्या कलमात म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व अशा वेळी राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे मदत करावी असं म्हटलं आहे. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाला तो याच कलमाला धरून. खासगी कामगारांची, पीएफला जोडलेली ईपीएस पेन्शन योजना त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला आली. दोन्हींचा जन्म तीन महिन्यांच्या अंतराने झाला, पण घराणी निराळी.

कोणता पैसा कशात मोडतो?

सरकारी नोकरांची, लष्करातली, परिवहन किंवा महापालिकेतली पेन्शन, पीएफमधून येणारी ईपीएस पेन्शन, कारखान्यातल्या अपघातानंतर ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा) मिळणारी रक्कम, हे सगळं कमावलेलं. वृद्धाप्य मासाशन, संध्या सुरक्षा (पासष्टीपुढच्या गरीब कष्टकऱ्यांचं मासाशन), विधवा मासाशन, दिव्यांग मासाशन, मनस्विनी (अविवाहित-घटस्फोटित बायकांचं मासाशन), गृहलक्ष्मीचे २,००० रुपये आणि रेशनचं धान्य ही मदत. अटल पेन्शनला सरकारचं नाव असलं तरी पैसे तुम्हीच भरता, म्हणून ती पहिल्या बाजूला धरा.

मासाशन घेणं म्हणजे सरकारपुढे हात पसरणं नाही का? आमच्या बाबांना लाज वाटते.

बाबांना सांगा, लाज बाळगायचं काही कारण नाही. ज्यांनी दुसऱ्याच्या रानात तंबाखू खुडली, उसाची तोड केली, वडगाव-शहापुरात मागावर साड्या विणल्या, त्यांच्या नावाने कुणी पीएफ भरला नाही. कामात त्यांनी कसूर ठेवली म्हणून पेन्शन हुकली असं झालेलं नाही. त्यांचं काम नोंदवणारं रजिस्टरच कुठे नव्हतं. संध्या सुरक्षा योजनेच्या नियमांत लहान शेतकरी, शेतमजूर, विणकर, मच्छीमार आणि असंघटित कामगार यांची नावं घेतली आहेत, ती उगाच नाहीत. रोजच्या कितीतरी बारीकसारीक खरेद्यांवर ही माणसं कर भरत आली आहेत.

आई निपाणीत वीस वर्षं घरी बिडी वळत होती. तिला कोणी पेन्शन दिली नाही. आता म्हातारपणाच्या पगाराचा अर्ज करू का?

थांबा. आधी पीएफ बघा.

घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईला पीएफ नसतो हा समज निपाणी-चिकोडी पट्ट्यात अजून पक्का आहे. घरी बिडी वळणारे कामगारही पीएफ कायद्याखाली येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच दिला आहे. ठेकेदारामार्फत पान-तंबाखू मिळत असेल आणि हजार बिड्यांच्या भावाने मजुरी मिळत असेल, तरी कारखानदाराची जबाबदारी सुटत नाही.

घरातली ट्रंक उघडा. लॉगबुक, मजुरीच्या चिठ्ठ्या, पीएफची जुनी वार्षिक स्लिप, बिडी कामगाराचं ओळखपत्र, जे असेल ते बाहेर काढा. स्लिपवर दोन अक्षरी राज्य-संकेत, मग कारखान्याचा क्रमांक आणि शेवटी आईचा खाते क्रमांक असतो. स्लिपचा कागद पिवळा पडून घड्यांवर फाटलेला असतो आणि क्रमांक नेमका घडीवर येतो. त्यामुळे उलगडण्याआधी फोटो काढून ठेवा. तेवढा एक क्रमांक हाती लागला की बाकीचं शोधता येतं.

ईपीएस पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. सहा महिने किंवा जास्त झाले तर ते एक वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षांची दहा होतात. दोन-तीन कारखान्यांत मिळून दहा झाली तरी चालतं, फक्त खाती जोडून घ्यावी लागतात. पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण ५८ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांचे दरसाल ४ टक्के कापले जातात आणि ती कपात कायमची राहते. नड अगदी अडलेली नसेल तर लवकर घेऊ नका. अर्जाचा नमुना १०-डी.

दहा वर्षं भरत नसतील तर १०-सी नमुन्यावर पैसे काढता येतात किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली वर्षं राखून ठेवणारा दाखला, घेता येतं. पुढे कुठे नोकरी लागण्याची शक्यता असेल तर सर्टिफिकेटच घ्या. पैसे काढले की मागची वर्षं पुसली जातात.

पेन्शन किती बसेल, हे घरी काढता येतं का?

येतं. पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७०ने भागायचं. पगार धरताना शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी घेतात आणि कमाल १५,००० रुपये धरतात.

समजा एक जण ऑक्टोबर २०१४ मध्ये मच्छे गावच्या कारखान्यात लागला आणि अकरा वर्षांनी ५८चा झाला. पगार १५,००० किंवा त्याहून जास्त. १५,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे २,३५७ रुपये. सप्टेंबर २०१४च्या आधीची वर्षं असतील तर त्यांच्यासाठी पगाराची मर्यादा ६,५०० धरतात, त्यामुळे जुन्या कामगारांचा आकडा त्यांच्या अंदाजापेक्षा कमी निघतो. वीस वर्षं किंवा जास्त नोकरी करून ५८ला निवृत्त झालेल्यांना दोन वर्षं वाढवून मिळतात.

मालक जे १२ टक्के भरतो त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, उरलेले पीएफमध्ये. केंद्र सरकार वरून १.१६ टक्के घालतं. तुमचे स्वतःचे १२ टक्के सगळे पीएफमध्येच जातात. म्हणून पीएफ काढला तरी पेन्शन शाबूत राहते. "पीएफ उचलला, आता काही उरलं नाही" असं म्हणून गप्प बसलेली कितीतरी घरं आहेत.

मला पीएफची पेन्शन १,००० रुपये आणि शेजारच्या मावशींना संध्या सुरक्षाचे १,२००. मी वर्गणी भरली, त्यांनी एक रुपयाही भरला नाही. हा कुठला न्याय?

तुमचा राग रास्त आहे, फक्त तो मावशींवर काढू नका.

ईपीएसची किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये ठरली. दहा वर्षं उलटून गेली तरी आकडा तिथेच राहिला. दरम्यान कर्नाटक सरकारने जुलै २०२१ मध्ये संध्या सुरक्षाचे १,०००चे १,२०० केले आणि विधवा मासाशन ६००चं ८०० केलं. त्यातून हे उफराटं चित्र उभं राहिलं. बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी महिन्याला ४,००० धरली आणि नोकरी बारा वर्षं, तर हिशेबाने तिची पेन्शन ६८६ रुपये येते आणि किमान मर्यादेमुळे तिच्या हातात १,००० पडतात. शिवाय सरकारी पेन्शनरांना वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो. ईपीएस पेन्शनला तो नाही. पाच वर्षांमागचा हजार आणि आजचा हजार, दुकानदार सारखा मोजत नाही.

त्यातही टोचणारी गोष्ट पुढे आहे. दुसरी पेन्शन घेणाऱ्याला संध्या सुरक्षा मिळत नाही. म्हणजे हजार रुपयांची पेन्शन आहे म्हणून बाराशेचं मासाशन नाही. हा नियम आम्हाला चुकीचा वाटतो, किमान फरकाची रक्कम तरी द्यायला हवी. तोवर मात्र नियम आहे तसा धरून चालावं लागतं.

मग हजाराची पेन्शन सोडून बाराशेचं मासाशन घ्यावं का? घेऊ नका. ईपीएसमध्ये तुमच्यामागे नवऱ्याला किंवा बायकोला पेन्शन मिळते, मासाशनात काहीच मिळत नाही. पेन्शन एकदा मंजूर झाली की उत्पन्नाचा दाखला पुन्हा कोणी मागत नाही. किमान पेन्शन वाढवण्याची मागणी देशभरातून होत आहे; ती मान्य झाली तर फायदा पेन्शन चालू असणाऱ्यालाच होईल.

दोन्ही एकदम घेता येतं का? गृहलक्ष्मी बंद होईल का?

पेन्शन आणि संध्या सुरक्षा एकदम नाही. दोन मासाशनंही एकदम नाहीत. विधवा मासाशन घेणाऱ्या बाईने पासष्टी झाल्यावर संध्या सुरक्षासाठी अर्ज करायचा तर पहिलं सोडावं लागतं.

गृहलक्ष्मीचा नियम निराळा आहे. रेशन कार्डावर घरातली प्रमुख म्हणून जिचं नाव आहे त्या बाईला ती मिळते. ती स्वतः किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल, जीएसटी भरत असेल तर नाही. नवऱ्याला दोन-तीन हजारांची पीएफ पेन्शन आहे म्हणून गृहलक्ष्मी जात नाही.

एक विनंती. पेन्शन लपवून मासाशन घेऊ नका. आधार, रेशन कार्ड आणि बँक खातं आता एकमेकांशी जोडलेलं आहे. गाठ पडली की मासाशन बंद होतं आणि आधी दिलेलं वसूल करायला निघतात. सत्तरीच्या माणसाला नोटीस आली की सगळं घर हादरतं.

भावाची दोन बोटं उद्यमबागेत प्रेसखाली गेली. दिव्यांग पगार मिळेल का?

हा प्रश्न फाउंड्री आणि मशीन शॉपच्या आपल्या शहरात वारंवार येतो, म्हणून सविस्तर.

भावाच्या पगारातून ईएसआय कापला जात होता का ते आधी बघा. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे आणि ३.२५ टक्के मालकाचे कापतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले यात येतात. कामावर झालेल्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली अशी अट नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. कामावर जाता-येता रस्त्यात अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दाखवता आला, तर तोही धरतात.

जखम बरी होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. नंतर ईएसआयचं मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती गेली ते ठरवतं. त्यासाठी कायद्यात तक्ता आहे. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, अंगठा गेला तर ३०. भावाचा रोजचा पगार ५०० धरला तर त्याचे ९० टक्के ४५० आणि त्याचे २० टक्के ९० रुपये. दिवसाला ९० म्हणजे महिन्याला साधारण २,७००, आणि हे आयुष्यभर. पुन्हा त्याच कारखान्यात कामावर गेला तरी मिळत राहतं, कारण हे पैसे गेलेल्या बोटांचे आहेत, बेकारीचे नव्हेत.

आता दिव्यांग मासाशन. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागतं, अपंगत्व किमान ४० टक्के लागतं आणि वर उत्पन्नाची अट. कर्नाटकात ४० ते ७५ टक्क्यांना ८०० रुपये आणि त्यापुढे १,४०० रुपये. दोन बोटांवर ४० टक्के बहुधा बसत नाही. इथेच लोक निराश होऊन घरी परततात आणि ईएसआयचं दार न ठोठावताच सगळं सोडून देतात.

टक्के हा शब्द ऐकून फसू नका. ईएसआयचे टक्के कमाई किती घटली याचे असतात, यूडीआयडीचे टक्के शरीराच्या हानीचे, लष्कराचे टक्के आणखी तिसऱ्या तक्त्यातले. एकाचा कागद दुसरीकडे चालत नाही. ज्या पैशासाठी अर्ज करायचा त्याच बोर्डासमोर जा.

अपघात झाला त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात रजिस्टरात नोंद करायला लावा आणि तिचा फोटो घ्या. "दवाखान्याचं सगळं बघतो, नोंद नको" असं मालक गोडीत म्हणाला तरी ऐकू नका. नोंद नसेल तर पाच वर्षांनी हात दुखायला लागल्यावर तुमच्याकडे काही उरत नाही.

दहापेक्षा कमी कामगारांच्या शेडमध्ये ईएसआय नसेल, तर कर्मचारी भरपाईच्या कायदेशीर तरतुदींखाली मालकाकडून एकरकमी भरपाई मागता येते. त्यासाठी अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा.

पीएफमध्ये अपंगत्वाची पेन्शन असते का?

असते आणि फार कमी लोकांना माहीत आहे. नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, म्हणजे ते काम करणं अशक्य झालं, तर दहा वर्षांची अट नाही. एक महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरे, आणि अपंगत्व कामामुळेच आलेलं असावं असंही नाही. अर्धांगवायू, दृष्टी जाणं, घरी झालेला अपघात, सगळं यात येतं. वैद्यकीय तपासणी मात्र पीएफ कार्यालयाने ठरवलेल्या डॉक्टरांकडेच होते.

मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत होता, गुडघ्यामुळे घरी पाठवला. त्याला कुठे अर्ज करावा लागेल?

बेळगावात रेजिमेंटल सेंटर असल्याने आपल्याकडे घरटी एखादा माजी सैनिक भेटतो, तरी यातला गोंधळ कमी नाही. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे बळावलं, आणि ते २० टक्के किंवा जास्त आहे, असं वैद्यकीय बोर्डाने लिहिलं असेल तर डिसॅबिलिटी पेन्शनचा हक्क येतो. जवानाला एरवी पेन्शनसाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. अपंगत्वामुळे बाहेर पडलेल्याला ती अट नसते. बोर्डाच्या कागदावर "सेवेमुळे नाही" असं लिहिलं असेल तर तिथेच थांबू नका. आधी अपील आणि नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, असा रस्ता आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात सगळे कागद घेऊन जा. नाडकचेरीचा यात काही संबंध नाही.

अग्निवीरांना पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आल्यास त्यांना एकरकमी पैसे मिळतात: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ला २५ लाख, ५०ला १५ लाख. भरतीला जाणाऱ्या पोरांच्या आई-वडिलांना हे आधीच ठाऊक असावं.

वडील सरकारी शाळेतून निवृत्त झाले. धाकटी बहीण जन्मापासून मतिमंद आहे. तिला मासाशन चालू करायचं का?

त्याआधी वडिलांच्या हयातीत तिचं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांत घालून घ्या. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या माघारी कुटुंब पेन्शन आयुष्यभर मिळू शकते. ती मासाशनापेक्षा कितीतरी जास्त असते. वडील असताना दाखला, पालकत्वाचे कागद आणि बँक खातं तयार असेल तर काम सरळ होतं. ते गेल्यावर त्याच कामासाठी भावंडांना वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागतात. ईपीएसमध्येही दिव्यांग मुलाला आयुष्यभर पेन्शनची सोय आहे.

मी राहतो तुर्मुरीजवळ आणि कामाला शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात. माझी पेन्शन कुठली?

पीएफ आणि ईएसआय केंद्राचे आहेत. तुम्ही शिनोळीत काम करा, गोव्यात करा, गोकुळ शिरगावला करा, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच राहतो आणि वर्षं मोजली जातात. जानेवारी २०२५ पासून ईपीएस पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत घेता येते. मुंबईला गिरणीत किंवा कारखान्यात आयुष्य घालवून खानापूरला परतलेल्यांची त्यामुळे मोठी सोय झाली.

मासाशन मात्र राज्याचं. रेशन कार्ड आणि रहिवास ज्या राज्यात, तिथलंच मिळणार. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेत जास्त पैसे मिळतात हे खरं आहे, पण चंदगडच्या पाहुण्याच्या पत्त्यावर नाव लावून ते घ्यायचा प्रयत्न करू नका. त्या योजनांना महाराष्ट्रातला किमान पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. ८६५ सीमावर्ती गावांना महाराष्ट्राने २०२३ मध्ये जी जनआरोग्य योजना लागू केली, ती दवाखान्याच्या खर्चासाठी आहे, तिचा मासिक पैशाशी संबंध नाही.

लेक चंदगड-गडहिंग्लजला दिली असेल तर ती तिथलीच झाली. महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेत परराज्यात जन्मलेल्या सुनेसाठी नवऱ्याचे कागद चालतात. त्याआधी इकडच्या रेशन कार्डावरून तिचं नाव कमी करा.

सगळे अर्ज कन्नडमध्ये असतात. आजीला काही वाचता येत नाही, मराठीत अर्ज देता येतो का?

राज्यघटनेचं ३५०वं कलम सांगतं की, केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत तुम्ही गाऱ्हाणं मांडू शकता. मासाशन अडलं, पेन्शन बंद झाली अशी तक्रार मराठीत लिहून द्यायला काही हरकत नाही, आणि कोणी परत करू लागला तर या कलमाचा उल्लेख करून पोच मागा.

छापील नमुना मात्र संगणकावर भरला जातो आणि कन्नड किंवा इंग्रजीत असतो. त्यात हट्टाला पेटून आजीचे महिने वाया घालवू नका. ग्राम वन केंद्रात किंवा नाडकचेरीत भरताना सोबत कन्नड वाचता येणारा नातू किंवा शेजारी न्या आणि बटण दाबण्याआधी प्रत्येक रकाना मोठ्याने वाचून घ्या. जन्मतारीख आणि "इतर पेन्शन मिळते का" हे दोन रकाने विशेष बघा. इथले कन्नड बोलणारे कर्मचारीही पुष्कळदा मराठी समजतात आणि नीट विचारलं तर मदत करतात, हा आमचा अनुभव आहे.

नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत आला.

सीमाभागातलं हे कायमचं दुखणं. मराठी शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मीबाई, कन्नड रेशन कार्डावर लक्ष्मव्वा, आणि पीएफच्या इंग्रजी नोंदीत लक्ष्मीच्या मध्ये कुठे एक्स तर कुठे के-एस-एच. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि गावाचं नाव आडनाव म्हणून लागलेलं, असे आणखी प्रकार. आधी आधार कार्ड दुरुस्त करा, मग बँक, मग पीएफ. उलट क्रमाने गेलात तर पुन्हा पहिल्यापासून. पीएफच्या दुरुस्तीसाठी जॉइंट डिक्लरेशन भरावं लागतं, त्यात कारखान्याची संमती लागू शकते. कारखाना बंद पडला असेल तर हे पीएफ कार्यालयातच न्यावं लागतं. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाल्यांचं शिबिर जिल्ह्यात भरतं, तिथे कागद घेऊन जा.

चालू असलेला पैसा अचानक थांबला. काय झालं असेल?

पेन्शन थांबली असेल तर नव्वद टक्के वेळा हयातीचा दाखला राहिलेला असतो. सरकारी पेन्शनरांनी तो नोव्हेंबरात द्यायचा. ईपीएसचा कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत ही बिडी आणि फाउंड्री कामगारांची खरी अडचण आहे. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, तो करा. दाखला दिला की थांबलेली रक्कमही मिळते.

मासाशन थांबलं असेल तर आधार-बँक जोडणी, रेशन कार्ड बीपीएलमधून निघालेलं असणं, किंवा पडताळणीत "पत्त्यावर सापडले नाही" असा शेरा, यांपैकी काहीतरी असतं. गोव्याला मुलाकडे चार महिने गेलेल्या आजी अशाच कागदावर नाहीशा होतात. तलाठ्याला भेटून कारण लेखी मागा.

पेन्शनर गेल्यावर काय?

ईपीएस आणि सरकारी पेन्शन जोडीदाराकडे वळते. अर्ज करायला हवा, आपोआप होत नाही. मासाशन त्याच महिन्यात संपतं. कार्ड आणि पासबुक वापरून नंतरही पैसे काढत राहू नका. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात, त्याचाही अर्ज करा.

आम्ही चाळिशीच्या आत आहोत, पीएफ नाही. आत्ता काय करावं?

१८ ते ४० वयात अटल पेन्शन योजना घेता येते. साठीनंतर ठरल्याप्रमाणे १,००० ते ५,००० रुपये मिळतात आणि माघारी जोडीदाराला तितकेच. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून ती बंद आहे. विशीत घेतली तर हप्ता अगदी थोडा पडतो, पस्तिशीनंतर भारी होतो.

अर्ज नाकारला किंवा एजंट पैसे मागतो, तर कुठे जायचं?

अर्ज देताना कर्नाटकच्या सकाल कायद्याखालची पोच घ्या, तिच्यावर क्रमांक आणि मुदत असते. मुदत टळली किंवा नकार आला तर त्याच क्रमांकावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका, कारण लिहून मागा. पीएफची तक्रार त्यांच्या तक्रार पोर्टलवर, ईएसआयच्या बोर्डाचे टक्के पटले नाहीत तर मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे.

एजंटाला पैसे द्यायची कुठेच गरज नाही. मासाशनाचा किंवा पेन्शनचा अर्ज मंजूर करून देतो म्हणून पहिले सहा हप्ते मागणारे लोक फिरत असतात. तसा कोणी भेटला तर पासबुक, एटीएम कार्ड आणि ओटीपी त्याच्या हाती देऊ नका, आणि आधीच दिलं असेल तर आज बँकेत जाऊन कार्ड बंद करा.